आधी थोडं, लागलं तर अजून

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आमच्याकडे एक निळी प्लास्टिकची बादली असायची. दुपारी खिचडी खाऊन झाली की लेकरं ताटात उरलेलं त्या बादलीत टाकायची आणि हापशावर ताट विसळायला पळायची. संध्याकाळी शेजारच्या आजी येऊन बादली घेऊन जायच्या, शेळ्यांसाठी. लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी २८ वर्षं शिकवलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी त्या बादलीत डोकावून पाहिलंच नव्हतं.

एका वर्षी आम्ही शाळेत ‘अन्न वाया घालवणार नाही’ अशी शपथ घेतली. परिपाठात शपथ, भिंतीवर घोषवाक्य आणि जेवणानंतर एक नियम: ताट विसळायच्या आधी बाईंना दाखवायचं. शीत दिसलं की परत बसायचं आणि संपवूनच उठायचं. आठ दिवसांत बादली कोरडी पडली. मला फार समाधान वाटलं, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत मी ते सांगितलंही. पंधरा दिवसांनी कळलं की भिंतीपलीकडे बाभळीच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली आहे आणि गावातली कुत्री बरोबर त्याच वेळेला तिथं येऊन बसतात. पोरं खिचडी मुठीत धरून, चड्डीच्या खिशात कोंबून तिकडं नेऊन टाकत होती. त्याच दिवसांत तिसरीतली एक मुलगी वहीच्या कागदात खिचडी गुंडाळताना मला दिसली. मी रागावले. ती म्हणाली, “बाई, टाकायला न्हाई. बारक्याला न्यायची हाय.” बारका तापानं घरी पडून होता, आई-बाप ऊसतोडीला गेलेले आणि आजीच्या हातून चूल धड पेटत नव्हती.

एकाच नियमाखाली काही लेकरं नको असलेलं अन्न लपवून फेकत होती आणि एक लेकरू हवं असलेलं अन्न लपवून नेत होतं. माझ्या वहीत मात्र सगळ्यांच्या नावापुढं ‘ताट स्वच्छ’ अशी बरोबरची खूण होती.

लहान मुलांना अन्न वाया न घालवायला शिकवावं की नाही, हा प्रश्नच नाही. शिकवायलाच हवं आणि पहिलीपासून शिकवायला हवं. माझं म्हणणं ते कसं शिकवायचं याबद्दल आहे. आपण हा धडा नेहमी जेवण संपताना शिकवतो, तेव्हा ताट भरून झालेलं असतं आणि लेकराच्या हातात ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग उरतात दोनच गोष्टी, दटावणी आणि पापाची भीती. हा धडा ताटात पहिला डाव पडायच्या आधी शिकवायला हवा. आपल्याला भूक किती आहे हे लेकरानं स्वतः ओळखावं, तेवढंच मागावं, लागलं तर पुन्हा मागावं आणि पुन्हा मागताना त्याला संकोच वाटू नये. यासाठी घोषवाक्य लागत नाही. वाढण्याची पद्धत तेवढी बदलावी लागते.

सहा वर्षांच्या पोराची भूक रोज एकसारखी नसते. कालपासून अंग कसकसतंय, पोटात जंत आहेत, सकाळी आजीनं दूध-भाकरी खाऊ घातलीय, किंवा काल संध्याकाळपासून पोटात काहीच नाही. चार मुलं शेजारी बसलेली असतात आणि चौघांची चार कारणं असतात. सोमवारी आमच्याकडे खिचडी हमखास जास्त लागायची. रविवारी शाळा नसते म्हणजे दुपारचं जेवणही नसतं, हा त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. पोट भरलेलं असताना ‘संपव’ म्हणून बळजबरीनं भरवलेले घास अन्नाचा मान शिकवत नाहीत. ‘आता पुरे’ असं पोट सांगतं, ते ऐकायची मुलाची सवय मात्र मोडते. मोठेपणी ताटात किती घ्यावं हे न कळणारी माणसं आपल्याला लग्नाच्या पंगतीत दिसतात. त्यातल्या अनेकांना लहानपणी ताट चाटूनपुसून साफ करायला लावलेलं असावं.

शाळेतल्या जेवणाचं गणित बघा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची ही योजना सुरू झाली तेव्हा लेकरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. मी नोकरीला लागले तेव्हा पिशव्या घेऊन रांगेत उभी राहणारी पोरं मला आठवतात. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, त्यानंतर शाळेत चुली पेटल्या. आता पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य आणि ७०० कॅलरी. प्रमाण चांगलं आहे, त्यात एक ग्रॅमही कमी होऊ नये. पण पहिलीतलं दीड हात उंचीचं पोरगं आणि पाचवीतली दांडगी पोरगी या दोघांना कागदावर सारखेच शंभर ग्रॅम आहेत. कागदावर ती सरासरी असते. ताटात मात्र सरासरी वाढायची नसते. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी एका डावानं सगळ्यांना सारखंच वाढायच्या, कारण कुणाला कमी दिलं तर उद्या पालक विचारतील ही त्यांना धास्ती. पहिलीतल्याच्या ताटात निम्मं उरायचं, पाचवीतली बोटं चाटत बसायची आणि मधलं सगळं बादलीत जायचं.

दुसरं कारण चवीचं. आपण भाकरीच्या मुलखात राहतो. घरी ज्वारीची भाकरी, वर पिठलं, ठेचा, एखादं कोरड्यास, थंडीत शेंगोळं. शाळेत मात्र वर्षानुवर्षं पिवळी खिचडी. जून २०२४ मध्ये राज्यानं पाककृतींची नवी यादी दिली. त्यात मसालेभात, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व अशी विविधता आली, ती गरजेचीच होती. तरी पाया तांदळाचाच राहिला, कारण धान्य तांदळाच्या रूपात येतं. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा अंडं मिळायला लागलं तेव्हा त्या दिवशी बादली जवळजवळ रिकामी असायची, आणि हे मी कुणालाही न दटावता झालेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. एकीकडे लेकरांना अन्नाची नासाडी करू नका म्हणायचं आणि दुसरीकडे ती जे आवडीनं खातात तेच काढून घ्यायचं, हे मला पटत नाही.

म्हणून मी म्हणते की बादली ही आधी स्वयंपाकघराची आणि शाळेची परीक्षा आहे, लेकरांची नंतर. मीठ जास्त पडलं, तळ लागला, डाळ कच्ची राहिली, जेवण तासभर उशिरा झालं, या सगळ्याची नोंद बादलीत असते. शाळेत चव नोंदवही असते. जेवण मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखून त्यात लिहायचं असतं. बहुतेक पानांवर ‘चव उत्तम’ एवढंच लिहिलेलं सापडेल. त्या वहीत आणखी एक रकाना आखावा, ‘आज किती उरलं’. दोन्ही रकाने शेजारी शेजारी आले की खरं काय ते महिनाभरात दिसेल.

आम्ही शेवटच्या काही वर्षांत तेच केलं आणि ते गणिताच्या तासाला जोडलं. तिसरी-चौथीच्या पुस्तकात ग्रॅम-किलो असतातच. तांदूळ मोजायला वजनकाटा शाळेत असतोच. रोज दोन मुलं बादलीचं वजन करायची, रिकाम्या बादलीचं वजन वजा करायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायची. कुणाचं नाव नाही, कुठला वर्ग नाही, नुसता आकडा. मग त्या आकड्याशी आम्ही बोलायचो. समजा शाळेत दोनशे मुलं आहेत आणि प्रत्येकानं एक मूठ, म्हणजे धरा ४० ग्रॅम भात टाकला. किती झाला? आठ किलो. आठ किलो भात शिजवायला कच्चा तांदूळ साधारण तीन किलो लागतो. तीन किलो म्हणजे किती मुलांचं प्रमाण? ३० मुलांचं. चौथीतल्या एका पोरानं हे उत्तर काढलं आणि तो काही क्षण आपल्या वर्गाकडे बघत राहिला. वर्गात त्या दिवशी २९ जण हजर होते. त्याला कुणी उपदेश केला नव्हता. आकड्यानं सांगितलं ते त्याला दिसलं.

इथं एक सावधगिरी मी अनुभवानं शिकले. वर्गावर्गांत स्पर्धा लावू नका. ‘कोणत्या वर्गाची बादली हलकी’ असं केलं की पुन्हा बाभळीचं बूड सुरू होतं. वर्गाची लाज जाऊ नये म्हणून मुलं एकमेकांवर पहारा ठेवतात, मंद खाणाऱ्याला ढोसतात, आजारी पोराच्या तोंडात कोंबतात. बक्षीस ठेवलं की वजन खोटं होतं. मोजायचं ते कळण्यासाठी, जिंकण्यासाठी मोजलं की कळणं थांबतं.

मोजल्यामुळं आम्हाला काय कळलं, तेही सांगते. आठवडी बाजाराच्या दिवशी बादली जड असायची, कारण दुपारपर्यंत पोरं आईबरोबर बाजारात सटकायची आणि तांदूळ मात्र सकाळच्या हजेरीवर शिजलेला असायचा. वेळ अमावास्येच्या, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीही तसंच. आदल्या दिवशी रानात भज्जी, आंबील, उंडे, खीर पोट फुटेस्तोवर खाल्लेली, दुसऱ्या दिवशी खिचडीकडं बघवत नाही. आम्ही त्या दिवशी तांदूळ थोडा कमी काढू लागलो. मुख्याध्यापकांना त्यासाठी वहीत चार ओळी जास्त लिहाव्या लागायच्या, त्यांनी त्या लिहिल्या. आणखी एक. आधी खेळून मग जेवायला बसवलं तर बादली हलकी व्हायची, कारण आधी जेवायला बसवलं की पोरांचं लक्ष मैदानाकडे असायचं, चार घास गिळून उरलेलं टाकून ती पळायची. सुट्टीची वेळ बदलायला पैसा लागत नाही.

आता या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ‘थोडं घे आणि मागून घे’ म्हटलं तर लाजरं लेकरू उपाशी राहील. राहतंच. मुली तर हमखास, कारण घरात त्यांनी आईला सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाताना पाहिलेलं असतं आणि पोरीनं मागायचं नसतं हे त्या बोलायला लागायच्या आधी शिकतात. काही वाड्या-वस्त्यांवरची लेकरंही मागत नाहीत, कारण मागितल्यावर त्यांच्या घरच्यांना काय ऐकावं लागलंय हे त्यांना माहीत असतं. ५ वर्षांखालच्या मुलांत शंभरातली ३५ खुजी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राबद्दल आलेलं आहे. अशा राज्यात लेकरांना ‘कमी खा’ असा निरोप चुकूनही जाता कामा नये. म्हणून पहिलं वाढप लहान असलं तर दुसरं वाढप सक्तीचं हवं. लेकरानं उठून पातेल्याकडं यायचं नाही, पातेलं फिरत फिरत लेकराकडं यायचं. प्रत्येकाच्या समोर थांबून, नाव घेऊन विचारायचं. दोनदा नाही म्हणाली तर तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांकडं बघायचं. सगळ्यांना एका गोलात बसवायचं, कोण कुणाशेजारी हे रोज बदलायचं. आणि लेकरांनी कमी घेतलं म्हणून शाळेचा शिधा कुणी कमी करायचा नाही. उरलेली खिचडी टाकण्यापेक्षा तिसऱ्या डावाला जावी, यासाठीच हे सगळं.

हे सगळं शिक्षकानं एकट्यानं करायचं नाही, तर मुलांनी करायचं. जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ चा आहे. तिथं मुलंच पांढरे अंगरखे घालून एकमेकांना वाढतात आणि जेवण झालं की आवरतात. अन्नशिक्षणासाठी २००५ मध्ये त्यांनी वेगळा कायदाही केला. आपल्याला एवढं दूर जायची गरज नाही. आपल्याकडे हरिनाम सप्ताहात पंगतीला वाढणारी पोरं बघा. घराघरातून आलेल्या भाकरी आणि तपेल्यातली आमटी घेऊन दहा-बारा वर्षांचं पोरगं ओळीतून वाकून जातं आणि प्रत्येकाला ‘वाढू का?’ विचारतं. त्याला आपोआप कळतं, या ओळीत किती माणसं, माझ्या टोपलीत किती भाकरी, म्हाताऱ्याला अर्धी, तरण्याला दोन. वाढणारा जेवढं अन्नाबद्दल शिकतो तेवढं जेवणारा शिकत नाही. शाळेत डाव पोरांच्या हातात द्यायला आपण घाबरतो, सांडेल म्हणून. पहिल्या आठवड्यात सांडतं. नंतर सांडत नाही.

दुसरा आक्षेप मी शहरातल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकते. मराठवाड्यातल्या गरीब पोरांना कसली नासाडी शिकवता, ती तर श्रीमंतांची सवय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल वेगळं सांगतो. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे दुकानं, खानावळी आणि घरांपर्यंत पोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के, आणि त्यातलं ६० टक्के घरातून. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीत माणशी वर्षाला अवघ्या सात किलोंचा फरक. भारतासाठीचा अंदाज माणशी ५५ किलो. हा अंदाज आहे आणि खेड्यातलं घर त्यात कितपत बसतं याबद्दल मला शंका आहे, कारण आमच्याकडे शिळी भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला जाते, त्यातूनही उरलं तर शेळीला, कोंबडीला आणि शेवटी उकिरड्यावर खत व्हायला. पण तालुक्याच्या गावात ही साखळी तुटली आहे. शेळी नाही, उकिरडा नाही, उष्टं पिशवीत गाठ मारून रस्त्याच्या कडेला जातं आणि गाय ते पिशवीसकट गिळते. फेब्रुवारी २०१८ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहराचा कचरा, तो जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी अडवला, आणि शहरातल्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे ढीग साचले. त्या ढिगांचा वास येत होता तो उष्ट्याचा आणि सडक्या भाजीचा. त्या गावच्या लोकांनी दुसऱ्यांच्या ताटातलं उष्टं वर्षानुवर्षं श्वासात घेतलं होतं. आमच्या शाळेतली मुलं उद्या अशाच शहरांत राहायला जाणार आहेत. शेळी नसलेल्या घरात कसं जेवायचं, हे त्यांना आजच यायला हवं.

दुष्काळाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, कारण या विषयावर आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक तिथं होते. मराठवाड्यात अन्नाचा धडा म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी असं चित्र भिंतीवर येतं. खाली लिहिलेलं असतं, तू टाकलेला घास याचा आहे. माझ्या वर्गात अशी लेकरं होती ज्यांच्या घरात खरोखर कुणीतरी तसं बसलेलं होतं. काहींच्या घरात ती माणसं उरली नव्हती. त्या लेकरांना ताटातल्या चार शितांचा हिशेब बापाच्या कर्जाशी लावायला सांगणं क्रूर आहे. कर्ज, पाऊस, भाव, यातलं काहीही दुसरीतल्या पोराच्या हातात नाही, आणि त्यानं खिचडी संपवल्यानं यातलं काही बदलणार नाही.

दुष्काळ शिकवायचा तो आठवण म्हणून, ज्यांनी भोगला त्यांच्या तोंडून. आम्ही मुलांना घरी पाठवायचो, आजी-आजोबांना विचारून या, ७२ साली काय खाल्लं? दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द यायचे. मिलो, परदेशातून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी धड थापली जात नव्हती. सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, जी खडी फोडायच्या दुष्काळी कामावर मिळायची. एका आजोबांनी नातवाला सांगितलं होतं की सुकडी घरी न्यायची म्हणून आम्ही अर्धीच खायचो. हे ऐकून कुणाला अपराधी वाटलं नाही, उलट सगळ्यांना आपापल्या आजोबांचा अभिमान वाटला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा माझ्या वर्गातली पोरं घागरी घेऊन टँकरमागं पळणारी होती. त्यांना पाण्याची किंमत मी शिकवायची गरज नव्हती. मी त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

धान्याच्या बाबतीत मात्र हातानं करण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्या पट्ट्यात खरिपात सोयाबीन पसरलं आणि घरची ज्वारी मागं पडली. आज दहा वर्षांच्या बऱ्याच पोरांनी ज्वारीची राखण केलेली नाही. शाळेच्या परसबागेत आम्ही कोपऱ्यातली चार वाफ्यांची जागा रब्बीला ज्वारीसाठी ठेवायचो. मालदांडी पेरायची. मुलांनी दिवस मोजायचे, साधारण चार महिने. निसवल्यावर चिमण्या यायच्या, पोरं पाळीपाळीनं डबडं वाजवत उभी राहायची. कणसं खुडायची, झोडपायची, सुपानं वाऱ्यावर उफणायची. शेवटी निघायची जेमतेम दोन-तीन शेर. ती दळून आणली की मावशी भाकरी थापायच्या आणि प्रत्येकाला चतकोर यायची. चार महिन्यांची चतकोर. त्या दिवशी कुणाला ‘टाकू नका’ म्हणावं लागलं नाही, उलट ताटात पडलेला भुगाही बोटानं टिपून खाल्ला गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून जास्त लोह आणि जस्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं. आपल्याच मातीतलं असं धान्य आपल्याच शाळांच्या पातेल्यात का नाही, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारते. लेकरं जे घरी खातात ते शाळेत शिजलं तर उरेल कमी आणि अंगी लागेल जास्त.

आणि एक प्रश्न लेकरं आपल्याला विचारतात, त्याचं उत्तर आपण टाळतो. चौथीतल्या एका मुलानं विचारलं, “बाई, एक शीत टाकलं तर पाप, मग आमच्या पप्पानी टमाटे सगळे रोटावेटर घालून मोडले ते काय?” भाव पडला होता, तोडणीची मजुरी आणि वाहतूक निघत नव्हती, म्हणून उभं पीक मोडलं होतं. काढणी झालेलं अन्नही दुकानात पोचायच्या आत जगभरात सुमारे १३ टक्के नष्ट होतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. आमच्याकडे टोमॅटो, कोथिंबीर, कांदा यांचं काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. त्या मुलाला मी खरं तेच सांगितलं, की तुझ्या पप्पांनी पाप केलं नाही, त्यांना दुसरा रस्ता उरला नव्हता, आणि तो रस्ता करायचं काम सरकारचं, बाजार समितीचं, आम्हा मोठ्यांचं आहे. अन्न वाया जाण्याची सगळी जबाबदारी आपण सगळ्यात लहान माणसाच्या सगळ्यात लहान ताटावर ठेवतो, कारण ते उलटून बोलत नाही. त्यानं विचारलं तर त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

तसंच लग्नकार्याचं. शाळेत शिकलेलं पोरगं मामाच्या लग्नात जातं आणि बघतं, की तिथं पाच गोड पदार्थ आहेत, वाढपी न विचारता ताटात टाकतोय आणि मामा ‘माझी शपथ आहे’ म्हणून जिलेबी ओढून वाढतोय. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे, तो मोडू नये असं मलाही वाटतं. पण जेवणाऱ्यानं ताटावर आडवा हात धरला की तो प्रेमाचा अव्हेर समजायचा नाही, एवढं मोठ्यांनी शिकावं. मी पालकसभेत दरवर्षी हे बोलायचे. काही बाया हसायच्या. एक-दोघींनी पुढच्या बारशाला ‘आधी विचारून वाढा’ असं वाढप्यांना बजावलं. मला तेवढंही पुरेसं वाटलं.

माझ्या शेवटच्या वर्षी वाढपाचं काम चौथीच्या मुलांकडे होतं. त्या दिवशी मूग-शेवग्याचं वरण आणि भात होता. पहिलीतल्या एका बारीक पोरीसमोर वाढणारा थांबला, त्यानं विचारलं, “किती?” ती म्हणाली, “अर्धा डाव.” त्यानं अर्धाच वाढला. फेरी संपवून तो पुन्हा तिच्याकडं आला, तिनं आणखी अर्धा घेतला. तिसऱ्या फेरीला तो पुढं जाणार तोच तिनं त्याच्या चड्डीला धरून ओढलं आणि ताट पुढं केलं. म्हणाली, “आता भात नको, नुसतं वरण दे. शेंग पण.”